वस्तादांचा कागद

वस्ताद गाडीकडे आधी बघतच नसत. गाडी आली की ते तिच्याखालची जमीन बघत. जालन्यातल्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते गाड्यांचे मिस्त्री; शेडमध्ये काल कुठली मोटार कुठे उभी होती, हे ते डागांवरून सांगत. काळा डाग इंजिनाचा, पिवळट दाट डाग स्टिअरिंगच्या पेटीचा. "गाडी वरून खोटं बोलंल, मुनशीजी. खालून न्हाई बोलत," असे ते म्हणत.

मी तिथे भांडाराचा कारकून होतो, म्हणून मुनशीजी. किती नट दिले, किती चिंध्या, किती घासलेट, सगळे मी लिहून पुढे खूण करत असे. वस्ताद माझ्या याद्यांची टिंगल करत. स्वतः उर्दू सुरेख लिहीत, पण कामाची यादी करायला त्यांचा साफ नकार. "लिहिलं की माणूस बेफिकीर होतो. हाताला याद पाहिजे." मला तेव्हा ते निव्वळ आडमुठेपण वाटे.

दुरुस्तीची त्यांची रीत ठरलेली. काम झाले की पेटीच्या बरोबर खाली रात्रभर एक पांढरा कागद पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार खडे. सकाळी नमाज पढून यायचे, गुडघे टेकून कागद बाहेर ओढायचा. एक थेंब दिसला तरी पेटी पुन्हा उघडायची. आमचा ड्रायव्हर किसन केदारखेड्याचा, जिभेला हाड नसलेला. एकदा म्हणाला, "वस्ताद, एका थेंबानं काय व्हतंय? लॉरी हाय का नवरीचा शालू?"

"तुझ्या घरच्या रांजणाला एवढंच भोक पाडतो. मंग सांग उन्हाळ्यात, काय व्हतंय ते."

किसन हसला आणि पाना घेऊन निमूट गाडीखाली शिरला.

संस्थानचे ते शेवटचे वर्ष. सरहद्दीवर माल अडलेला, मुंबईहून सुटे भाग येणे बंद, पेट्रोल परवान्यावर, बसगाड्यांचा भरवसा नाही. त्यातच मागे उघडा हौदा असलेल्या आमच्या छोट्या लॉरीची स्टिअरिंगची पेटी गळू लागली. दांड्याभोवती बसून तेल आत धरून ठेवणारी सीले झिजली होती आणि नवी मिळणार नव्हती. नेमकी तीच लॉरी वस्तादांना हवी होती. त्यांची एकुलती एक लेक, शमीम, वाटूरला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि मूल आडवे आहे असे सुईणीने सांगितलेले. तिला जालन्याच्या दवाखान्यात आणायचे होते. बैलगाडीचे हिसके सोसण्यासारखी तिची अवस्था नव्हती. मालकांनी लॉरी दिली. अट एवढीच, की स्टिअरिंग वस्तादांच्या मनासारखे झाले पाहिजे.

वस्तादांनी चांभाराकडून म्हशीच्या कातड्याचा तुकडा आणला, एरंडेलात भिजवला, त्यातून सील कापून बसवले. सकाळी कागदावर तीन थेंब. दुसरे सील कापले. एक थेंब. मी म्हणालो, "वस्ताद, एवढ्यावर जाऊन येईल की ती."

"लेक बसणार हाये तिच्यात," ते म्हणाले, आणि पेटी पुन्हा सोडून घासलेटात लख्ख धुतली.

तिसरे सील बसवले तेव्हा त्यांच्या अंगात ताप होता. माझ्याकडून तेलाचा डबा घेऊन ते शेडकडे गेले. मी यादीत 'तेल' या शब्दापुढे खूण केली. थोड्याच वेळात किसन त्यांना धरून आणताना दिसला. हुडहुडीने त्यांचे दात वाजत होते. टांग्यात बसवले तेव्हा म्हणाले, "कागद घाला, मुनशीजी. कोरा असला तर गाडी जल्दी काढा. माझी वाट बघू नका."

मी कागद घातला, चार खडे ठेवले. सकाळी कागद कोरा होता. केवढा आनंद झाला मला! एरवी वस्ताद गाडी बदनापूरपर्यंत पळवून बघत, पण पेट्रोल वाटूरच्या एका फेरीपुरतेच होते. मी यादी काढली. सील, तेल, कागद. तिन्हींपुढे खुणा. किसनला म्हटले, नीघ.

दुपारी शेड आवरायला गेलो. कोपऱ्यात गोणपाटाआड तेलाचा डबा होता. त्याचे झाकण उघडलेलेच नव्हते.

मी खूण केली होती ती तेल दिल्याची. ते पेटीत भरले का, हे मी कुणालाच विचारले नव्हते. आणि आता गाडी वाटूरला पोहोचायची वेळही टळून गेली होती.

ती पोहोचली नव्हतीच. वाटूरच्या अलीकडे ओढ्याच्या उतारावर कोरडी पेटी आवळली, चाक वळेना, लॉरी ओढ्यात गेली. किसनचा खांदा मोडला. वाट बघून बघून सासरच्यांनी शमीमला शेवटी बैलगाडीत घातले. दोन दिवसांनी गाडी दवाखान्याच्या दारात आली, तेव्हा ती आणि पोटातले मूल दोघेही गेलेले होते.

ताप उतरल्यावर वस्ताद आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"कागद कोरा होता?"

"होता."

"कोरा कागद दोन वेळा दिसतो, मुनशीजी. काम बराबर झालं तर. न्हाईतर आत काहीच नसलं तर."

"चूक माझी आहे, वस्ताद."

"डबा माझ्याच हातून राह्यला ना," ते म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

ओढून आणलेली लॉरी त्यांनी आठवडाभर खपून दुरुस्त केली. तेल स्वतः भरले. कागद स्वतः घातला. सकाळी मला बोलावले. मधोमध एक थेंब होता. सवयीने मी पाना उचलून त्यांच्यापुढे धरला.

"राहू द्या."

"पण थेंब आहे, वस्ताद."

"थेंब पडत राह्यला, म्हंजे आत तेल हाये. रोज एवढंच बघत जा."

पान्यांची पिशवी त्यांनी शेडच्या खुंटीला लावली आणि ते गेले. पुन्हा जिनिंगमध्ये आले नाहीत. त्याच महिन्यात गाव सोडले. कुठे गेले ते कुणाला सांगता आले नाही.

लॉरी पुढे बरीच वर्षे चालली; रोज सकाळी तिच्याखाली एक थेंब असे. रस्ते मोकळे झाल्यावर मुंबईहून नवी सीलेही आली. ती आल्याची नोंद माझ्या यादीत आहे. बसवल्याची नाही.