दुसऱ्या भागातला हत्ती

आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, मला जाम आवडतात. ते प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात आणि दुसऱ्यांदा जास्त भारी बोलतात. "लिफ्ट बंद आहे." मग जरा थांबून, एकदम दुःखात, "लिफ्ट बंद आहे गं." सिनेमांना आवाज द्यायचे ना, त्या डबिंगच्या रीटेकची सवय आहे ती. हत्तीचा तो कार्टून सिनेमा आठवतो? त्यात हत्तीला मोठ्या हीरोचा आवाज होता. दुसरा भाग थिएटरला लागलाच नाही, डायरेक्ट डीव्हीडीवर आला, आणि त्यात हत्ती काकांच्या आवाजात बोलतो. बिल्डिंगमध्ये हे फक्त मलाच माहितीये.

मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पोरांना तोच भाग लावला. हत्ती बोलला आणि पोरं ओरडली, "ए, हा डुप्लिकेट आहे यार, बंद करो." मागे बसलेल्या काकांचा चेहरा एवढासा झाला. मी सांगायला उठले, तर माझा हात धरून म्हणाले, "बस. बस गं."

हत्ती हरवलेल्या पिल्लाला शोधत नदीवर आला आणि नेमकी लाइट गेली. नुसता कल्ला. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "बाळा, घाबरू नकोस, मी इथेच उभा आहे." सगळी पोरं गप्प. मग काकांनी हत्ती, पिल्लू, मगर, सगळ्यांचं बोलत सिनेमा शेवटपर्यंत नेला.

"काका," लाइट आल्यावर एक पोरगी म्हणाली, "तुम्ही हत्तीची सेम टू सेम नक्कल करता."

"जमते थोडीशी," काका म्हणाले, आणि इतके खूश दिसले की मी तोंड बंदच ठेवलं.