गावाच्या निशाण्या

माझ्या बाबांनी अमेरिकेत, माझ्याकडे बॉथेलला येताना बॅगेतून काय आणावं? लोणचं नाही, गोधडी नाही; काचेच्या फ्रेममधला एक मोडी कागद. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता, तरी त्यात काय आहे ते सगळ्यांना पाठ: आपण गावाचे मूळचे मिरासदार, जमीन वंशपरंपरेची, आपल्याला कुणी ऊठ म्हणू शकत नाही.

सिटिझनशिपचा अर्ज मी भरून ठेवला होता. आई गेल्यावर त्यांना तिकडे एकटं ठेवायचा मला धीर नव्हता, आणि ग्रीन कार्डावर गावी फार दिवस राहिलं की परत येताना कटकट. सही करा म्हटलं की ते फ्रेमकडे बोट दाखवायचे. "मिरासदार गाव सोडत नाही."

"मग सात वर्षं इथे काय करताय?" मी एकदा चिडून बोलले आणि लगेच जीभ चावली.

त्यांच्या पंचाहत्तरीला कागद वाचून दाखवावा म्हणून मी ऑनलाइन मोडी शिकले. आमचा पूर्वज गावचा नव्हताच. उपरी होता, दुसऱ्या गावाहून येऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. पुष्कळ वर्षं राहिला, म्हणून पाटलाने आणि गावाने मिळून त्याला मिरास लिहून दिली, तोच हा कागद.

पंधरा दिवस मी गप्प. म्हाताऱ्याचा एवढाच ताठा उरलाय, तोही मीच मोडू? शेवटी त्यांनीच विचारलं, "वाचलास ना? मग तोंड का लपवतेस?"

मी सगळं वाचून दाखवलं. बाबांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि ही चित्रं?"

"निशाण्या. लिहिता न येणाऱ्यांच्या सह्या. हा कुणब्याचा नांगर, ही सुताराची पटाशी, हा न्हाव्याचा आरसा."

"एवढे सगळे आले त्याच्यासाठी," ते म्हणाले. "पहिलं गाव विसरला असेल का गं तो?"

"कसा विसरेल, बाबा?"

त्यांनी एक कोरा कागद टेबलावर ठेवला. "आधी तुम्ही सगळे निशाणी करा. मग मी अर्जाचं बघतो."

नवऱ्याने कागदावर लाटणं काढलं. पोळ्या तोच करतो. लेकीने सॉकरचा बॉल काढला आणि विचारलं, "आजोबा, इज धिस ओके?" मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे धड दिसत नव्हतं. मी नांगर काढला, तो वाकडा आला. बाबा म्हणाले, "चालतंय," आणि पेन माझ्या हातातून घेऊन त्यांनी अर्जावर सही केली.