असामान्य असल्याचा पुरावा

माझ्या वहिनीला ऑफिसात सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. खरं तर ती इतकं हळू बोलते की समोरच्याला मान पुढे काढून ऐकावं लागतं. नाव पडलं ते तिच्या कामामुळे.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळण्याशेजारी एक यंत्र असतं. बाळाचे ठोके किंवा श्वास बिघडला की ते वाजतं. पण बाळाने पाय झाडला तरी ते वाजतं आणि वायर सैल झाली तरी वाजतं. वहिनी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एकदा अशा विभागात कॉम्प्युटरची जोडणी बघायला गेली होती. तिथली सिस्टर पाळण्यांकडे न बघताच भराभर बटणं दाबत भोंगे बंद करत चालली होती.

“सिस्टर, यातला एखादा खरा असला तर?” वहिनीने विचारलं.

“त्याचीच तर धास्ती असते हो. पण दिवसभर सगळीच ओरडायला लागली की कान मरतात.”

वहिनीच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. खरा इशारा कोणता आणि उगाचचा कोणता, हे ओळखणारं सॉफ्टवेअर तिने लिहायला घेतलं. काही वर्षं गेली, पण जमलं. मग कंपनीचे साहेब ते घेऊन परिषदांमधून फिरू लागले. सुरुवातीला ते ‘आमचं संशोधन’ म्हणायचे. हळूहळू ‘आमचं’चं ‘माझं’ झालं. वहिनी मागच्या रांगेत बसून त्यांच्या भाषणाची चित्रं पुढे सरकवायची.

तरी काम खरं कोणाचं, हे ओळखणारे लोक असतात. परदेशातल्या एका इस्पितळ-समूहाने तिला बोलावलं. इथे तिला एका विभागाबाहेर पाऊल टाकायची परवानगी मिळत नव्हती, तिथे शेकडो पाळण्यांवर काम करता आलं असतं. त्या देशाचा एक खास व्हिसा होता, तंत्रज्ञानात फार वरच्या दर्जाचं काम केलेल्यांसाठी. तिने एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही हुशार आहात एवढ्याने भागत नाही. या कामातल्या जगभरच्या मूठभर माणसांत तुम्ही आहात, हे दाखवायला लागतं. आणि ते तुम्ही म्हणून चालत नाही, दुसऱ्यांनी म्हणावं लागतं.”

पहिला अर्ज फेटाळला गेला. कारण सरळ होतं: हे काम अर्जदाराने स्वतः केल्याचं कुठे दिसत नाही. दिसणार कुठून? सगळीकडे साहेबांचं नाव!

वहिनी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. हा प्रसंग तिने मला त्याच संध्याकाळी सांगितला, अगदी शब्दन् शब्द.

“साहेब, मी काय केलं तेवढंच लिहून द्या. कौतुक नको.”

“अहो मॅडम, कंपनीचं काम कंपनीचं असतं. उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, हे मी केलं.”

“प्रत्येकाने नाही केलं. मी केलं.”

साहेब हसले. “जायचं तर खुशाल जा. पण इथलं काही बरोबर नेता येणार नाही.”

“ठीक आहे,” म्हणून ती उठली.

माझा दादा सुतार आहे. घराच्या मागच्या खोलीत त्याचा कारखाना. वहिनी आली तेव्हा तो कपाटाचं दार घासत होता.

“सोडलं मी,” ती म्हणाली.

“काय, नाद?”

“नोकरी.”

दादाने पॉलिश पेपर खाली ठेवला, हात झटकले. “मग आता?”

“पहिल्यापासून लिहिणार. नव्या पद्धतीने. जुन्यातली एक ओळ घेणार नाही. आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवणार, कोणीही उघडून बघावं.”

मी तेव्हा तिथेच होते. मला वाटलं, रागाच्या भरात बोलते आहे, चार दिवसांत शांत होईल. शांत ती आधीच होती. वकीलबाईंनी मधला मार्ग सुचवून पाहिला. काही संस्था पैसे भरले की पुरस्कार देतात, म्हणे. दोन-तीन अर्जाला जोडून टाकू.

“खोटे भोंगे बंद करायचं काम करते मी,” वहिनी म्हणाली, “आणि आता स्वतःच एक वाजवू?”

ती एका महाविद्यालयात अर्धवेळ शिकवू लागली. उरलेला दिवस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. जेवायच्या वेळी माझी भाची, म्हणजे तिची लेक, लॅपटॉप उचलून खुर्चीत ठेवायची, जेवण झालं की पुन्हा टेबलावर. वर्ष उलटलं. सॉफ्टवेअर तयार झालं, तिने ते खुलं केलं, आणि कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग कुठल्याशा लहान इस्पितळाने वापरून पाहिलं. मग आणखी एकाने.

आणि मग परदेशातल्या एका वैद्यकीय प्राध्यापकाने ते वाचलं. या विषयात त्यांचा शब्द मोठा, आणि दुसऱ्यांच्या कामाची चिरफाड करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी जाहीर लिहिलं, की फार कमी वजनाच्या बाळांची प्रकृती हळूहळू ढासळत जाते तेव्हा हे सॉफ्टवेअर गप्प बसतं. ‘माझ्या इस्पितळातल्या विभागात मी हे लावू देणार नाही,’ असंही.

मी भयंकर चिडले. “वहिनी, तू चांगलं सडेतोड उत्तर दे त्याला!”

तिने ते पुन्हा वाचलं, स्क्रीनला नाक लावून. चेहरा उतरला होता, हे मी पाहिलं. मग म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.”

“अगं, पण अशा भाषेत?”

“भाषा जाऊ दे. बाळ गेलं असतं ना.”

तिने प्राध्यापकांना लिहिलं: चूक मान्य आहे, तुमच्याकडच्या नोंदी द्या, दुरुस्त करते. त्यांना हे अपेक्षित नसावं. नोंदी आल्या, बाळांची नावं काढून टाकलेल्या. वहिनी बदल करायची, ते नवी चूक काढायचे. ती सुधारली की ते पुन्हा खोड काढायचे. ‘छान’ असा शब्द त्या माणसाने एकदाही लिहिला नाही. दादा म्हणायचा, “माझं फर्निचर अशा गिऱ्हाइकाने घेतलं असतं तर मी धंदा बंद करून झोपलो असतो.” पुढे त्यांचं खोड काढणं कमी कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलं. महिन्याभराने कळलं, त्यांनी आपल्या विभागात ते लावलं होतं.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी वकीलबाई म्हणाल्या, “शिफारस ओळखीच्यांची नको. ज्यांना तुमची भीडभाड नाही, असं कोणी आहे?”

“आहे,” वहिनी म्हणाली. “एक जण चांगलेच आहेत.”

प्राध्यापकांनी पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, ‘या बाईंचं काम चुकीचं ठरवायचा मी वर्षभर कसून प्रयत्न केला. मला जमलं नाही. या क्षेत्रातल्या दुसऱ्या कोणाबद्दल मला हे लिहिता येणार नाही.’

व्हिसा मिळाला. दादाने मंजुरी वाचून पाहिली. तिच्या नावापुढे असामान्य क्षमता वगैरे होतं, त्याचं आणि लेकीचं नाव खाली, तिच्यावर अवलंबून असलेल्यांत. “म्हणजे तू असामान्य,” तो म्हणाला, “आणि आम्ही दोघं तुझं सामान.” आम्ही पोट धरून हसलो. नंतर तो मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ रंधे पुसत बसला. तिकडे सुतारकाम करायला वेगळी परवानगी लागणार होती.

भाची मात्र हसली नव्हती. तिला मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या.

“मला कोणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

वहिनीने समजूत घातली नाही. “नाही विचारलं, खरं आहे. रागव माझ्यावर, हवा तेवढा वेळ रागव. पण माझ्याबरोबर येऊन रागव.”

भाची तिकडे जाऊन खरंच बरेच महिने रागावली. मग शाळेच्या संघात पोहायला लागली आणि आता सुट्टीत इकडे यायलाही कुरकुरते. दादाला एका नाटकगृहात नेपथ्याचं काम मिळालं. आधी परवानगी नव्हती तोवर त्याने घरातलं प्रत्येक दार नीट लागतं की नाही ते पाहून घेतलं, मग शेजाऱ्यांचीही.

परवा वहिनीचा फोन आला होता. पाळण्याशेजारची ती यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी सध्या तिचं वाजलं आहे; ते आपल्या यंत्रातली माहिती बाहेर द्यायला तयार नाहीत.

“देतील,” ती म्हणाली.

“आणि नाही दिली तर?”

“तर मंगळवारी परत त्यांच्या दारात जाईन. बरं, ठेवते, बैठक आहे.”