छप्पन्न बाइटांचा खुलासा

द्रोणागिरीच्या एका गोदामात वजनकाट्यांना जोडलेले अकरा जुने कॉम्प्युटर होते. कंटेनर घेऊन आलेला ट्रेलर काट्यावर चढला की त्याचं वजन तिथे उमटायचं. त्यांच्यावर नवीन लिनक्स टाकायचं होतं, तेही सीडीवरूनच. पेनड्राइव्हला गोदामात बंदी होती. कुणीतरी लग्नाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह लावला होता आणि त्यानंतर दोन दिवस प्रत्येक ट्रेलरचं वजन शून्य येत होतं. हे काम महाप्याच्या आमच्या छोट्या कंपनीकडे आलं, आणि कॉम्प्युटर जिच्यावरून सुरू होतो अशी सीडी बनवता येणारी कंपनीत मी एकटीच उरले होते.

सीडीचं काही अवघड नव्हतं. अवघड होते आमचे क्वालिटीचे सर. ते पूर्वी रंगाच्या कारखान्यात होते. पास झालेल्या डब्यात नंतर एक थेंब पडला तरी तो डबा नापास, ही त्यांची शिस्त. म्हणून आमच्याकडे नियम असा: प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून काढलेला लांबलचक आकडा, आधी कागदावर छापायचा. त्यावर सरांची सही घ्यायची. मग सीडी बनवायची आणि तिच्यावरचे आकडे कागदाशी जुळवायचे. फाइलमधलं एक अक्षर हललं तरी आकडा पार बदलतो, त्यामुळे लबाडीला जागा नाही.

पहिल्या सीडीवर एक सोडून सगळ्या फाइली जुळल्या.

"मॅडम, एक फाइल बदललीय," सर म्हणाले.

"हो सर. ती बदलतेच."

"म्हणजे तुम्ही बदललीत."

"मी नाही. सीडीची इमेज बनवणारा प्रोग्राम बदलतो."

"प्रोग्राम कोणी चालवला?"

"मी."

त्यांनी समाधानाने मान हलवली. दुपारी माझ्या टेबलावर पत्र आलं: मंजूर फाइलमध्ये छप्पन्न बाइटांचा फेरफार का झाला, याचा लेखी खुलासा द्यावा. चौदा वर्षांच्या नोकरीतला माझा पहिला खुलासा. डोळ्यांत पाणी आलं, ते एसीवर ढकललं.

मी लिहिलं की, मशीन चालू होतं तेव्हा त्याला फाइल, फोल्डर काहीच कळत नसतं. ते सीडीवरची ही एक फाइल उचलतं आणि पुढचं सगळं तिच्यावर सोडतं. पण तिला तरी काय माहीत असतं? म्हणून इमेज, म्हणजे सीडीवर उतरवायची अख्खी प्रत, बनताना या फाइलच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता भरतात: तू सीडीवर अमुक ठिकाणी आहेस, तुझी लांबी इतकी, तुझ्या आतल्या आकड्यांची बेरीज इतकी. त्याला बूट इन्फो टेबल म्हणतात. फाइलची जागा इमेज बनतानाच ठरते, त्यामुळे तो तक्ता आधी भरून ठेवता येत नाही.

सरांनी तो कागद दोनदा वाचला. "तिचा पत्ता तिलाच सांगायची गरज काय? ती तिथेच आहे ना?"

"आहे सर, पण तिला ते माहीत नाही."

"मग तक्ता काढून टाका."

"सीडी चालू होणार नाही."

"चालू होणं हा पुढचा विषय आहे. आधी जुळू दे."

मी तक्ता न भरता सीडी बनवली. सगळे आकडे जुळले. सरांनी स्वतःच्या हाताने हिरवं स्टिकर लावलं आणि मी कंपनीच्या गाडीने द्रोणागिरीला गेले.

गोदामाचे सुपरवायझर तिथल्याच गावचे, पन्नाशीचे, आवाज खणखणीत. त्यांनीही आपल्या लॅपटॉपवर आकडे जुळवले, पास म्हणाले आणि सीडी मशीनमध्ये घातली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: फाइल गहाळ आहे किंवा खराब आहे.

नाव नेमकं त्याच फाइलचं. सीडीवर जिला कुणी हातही लावला नव्हता, तिला मशीन खराब म्हणत होतं.

"मॅडम, कागद बोलतो चांगली हाय, मशीन बोलते खराब हाय," ते म्हणाले. मागे ट्रेलरवाले हॉर्न वाजवत होते. "मी कोनाचं आयकू?"

"दादा, चालणारी सीडी माझ्या पर्समध्येच आहे. पण ती कागदाशी जुळत नाही."

त्यांनी पर्सकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मग आत नाय घेता येनार. न चालनारी घेता येईल."

परत येऊन मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते उलट गंभीर झाले. दोन दिवस केबिनचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नवीन फॉर्म काढला. त्यात रकाने होते. फेरफार करणारा: फाइल स्वतः. कारण: स्वतःचा पत्ता ठाऊक नसणे. फेरफारानंतरचा आकडा: इमेज तयार झाल्यावर भरावा. आणि तळाशी, फाइलच्या वतीने सही.

"फाइलला सही येत नाही, म्हणून तुम्ही करा," सर म्हणाले. चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं. मी सही केली. हाताखालचा कागद खरा होता, शिक्का खरा होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला माझं म्हणणं समजलंय, फक्त त्याच्या भाषेत.

पुन्हा द्रोणागिरी. सुपरवायझरदादांनी फॉर्म बोट फिरवत वाचला, शिक्का मारला आणि सीडी घातली. दोन ओळी आल्या, मग दहा, मग पडदाभर. संध्याकाळपर्यंत अकराही कॉम्प्युटर लागले आणि ट्रेलर हलले. मी निघाले तेव्हा दादा त्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन गाडीपाशी आले.

"यो कागद मला पायजे. आमचं घर आज्याच्या टायमापासून एकाच जागेवर हाय. पयला सर्व्हे नंबर होता, मंग प्लॉट नंबर आला, आता सेक्टर. जमिनीच्या ऑफिसात बोलतात तुमी घर बदलला. घर कशाला बदलंल? यात बरोबर लिवलाय, फेरफार करनारा मालक नाय."

"दादा, इथे 'फाइल स्वतः' लिहिलंय."

"तेच ना. मी नाय, घर स्वतः. त्याला त्याचा पत्ता ठाव नाय, तो ऑफिसवाले भरतात."

त्यांनी 'फाइल' खोडून 'घर' लिहिलं आणि फॉर्म खरोखर त्या ऑफिसात नेऊन दिला. महिन्याभराने त्यांचा फोन आला, मी बोनकोड्याच्या बाजारात भाजी घेत होते.

"मॅडम, कागद घेतला त्यांनी! फक्त एक बोलतात, घराच्या वतीनं सही कोन करनार? मी आयशीला घेऊन चाललोय. घरात ती सगल्यांत जुनी हाय."