बिनआवाजाचं मशीन

लाइट गेली की घरात सगळ्यांत आधी सटवाजींना कळायचं. छताचा पंखा आणि लोखंडी कूलर इन्व्हर्टरवर असल्यामुळे चालूच राहायचे, आणि उजेड-अंधाराशी त्यांचा संबंध संपला होता. त्यांना कळायचं ते पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. त्याचा भार इन्व्हर्टरला पेलत नव्हता, आणि यूपीएसची बॅटरी मागच्या उन्हाळ्यात फुगल्यापासून तो थेट लाइनवर चालत होता. लाइट गेली की त्याचा घरघरणारा पंखा थांबायचा. मग सटवाजी खाटेवरून उठायचे, डाव्या हाताने भिंत चाचपत दारापर्यंत जायचे आणि बोर्डावरचं कॉम्प्युटरचं मोठं बटण खाली पाडून बंद करायचे. कळमनुरीच्या त्या घरात एवढं एक काम त्यांचं होतं. ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्याआधीची बरीच वर्षं ते डोंगरकडा या गावी पिठाची गिरणी चालवत होते. गिरणी सुरू केली त्याच वर्षी त्यांची मोटर जळाली. लाइट गेली तेव्हा खटका पाडायचा राहिला, ते बाहेर कुणाशी बोलत उभे राहिले, आणि लाइट आली ती झटक्यानं. त्यानंतर त्यांच्या गिरणीत दुसरी मोटर जळाली नाही. चक्कीचा आवाज थांबला की हातातला डबा खाली ठेवून ते आधी खटक्याकडे जायचे. दळण घेऊन आलेल्या बाया हसायच्या. ते म्हणायचे, "हसा. मोटर तुमच्या नवऱ्याची न्हाई."

काचबिंदूनं नजर हळूहळू गेली. पहिल्यांदा कडा गेल्या, मग मधलं. समजलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. तरीही ते गिरणी चालवत राहिले, कारण दगडाला टाकी लावायची वेळ झाली की नाही हे त्यांना आवाजावरून कळत होतं. बायको जनकाबाई गेल्यावर मात्र गावात एकट्यानं राहणं निभेना. गिरणी पुतण्या रविंद्रच्या हवाली करून ते मुलाकडे कळमनुरीला आले. यायला तयार नव्हते. मुलगा प्रमोद तीन वेळा जाऊन रिकाम्या हातानं परतला होता. चौथ्यांदा ते म्हणाले, "येतो. पण बसून खानार न्हाई." काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि प्रमोदनं विचारलं नाही.

प्रमोद लग्नांची शूटिंग करतो आणि घरीच मिक्सिंग करतो. चार कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र करायचं, गाणी लावायची, रंग सुधारायचे, आणि शेवटी कॉम्प्युटरला ते सगळं एका फाइलमध्ये विणायला लावायचं. या शेवटच्या कामाला तास लागतात. माणसाला काही करायचं नसतं, मशीननं चालत राहायचं असतं. सटवाजींची खाट त्याच खोलीत होती. त्यांना स्वतंत्र खोली देण्याएवढं घर नव्हतं, आणि मागच्या खोलीपेक्षा त्यांना हीच बरी वाटायची. मशीन दिवसभर घरघरायचं. ते खाटेवर बसून ऐकायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "आज जोरात हाय." सून सपना अंगणवाडीत सेविका आहे. सासऱ्यांना ती मामा म्हणते. ती म्हणायची, "मामा, तुमाला गिरणीचीच आठवन येऊन राहिली."

यंदाच्या लग्नसराईत कॉम्प्युटर रखडू लागला. प्रोसेसर शंभर डिग्रीला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप मंद व्हायचा. दोन तासांच्या कामाला पाच तास लागायचे. पंखा उघडून पाहिला तर जाळीत पिवळा थर बसला होता. गल्लीच्या टोकाला हळदीचं पॉलिश करणारं यंत्र आहे, तिथली धूळ. ती साफ केली तरी फार फरक पडला नाही. पंख्याचा आवाज मात्र वाढत गेला. दुपारी सटवाजी आडवे झाले की प्रमोद त्यांच्याकडे बघायचा. त्यांचे डोळे मिटलेले असायचे, पण झोप लागलेली नसायची. प्रमोदनं ठरवलं, हे आवाजामुळे आहे. बापाला मोठ्या मुश्किलीनं आणलंय, तो इथं टिकला पाहिजे.

नांदेडला किसनसिंग यांचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. प्रमोद बऱ्याच वर्षांपासून त्यांच्याकडूनच माल घेतो. किसनसिंगांनी त्याच्यासमोर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची दोन खोकी ठेवली. एकात मोठ्या पंख्याचा साधा एअर कूलर होता, दुसऱ्यात पाण्यावर चालणारा लिक्विड कूलर.

"हा घे," एअर कूलरवर हात ठेवत ते म्हणाले. "पंखा गेला तर दुसरा लाव, खेळ खतम. पाण्याच्यात पंप गेला की सगळंच कचऱ्यात. तुझं गाव धुळीचं. काहून झंझट घेतो?"

"आवाज किती याचा?"

"आवाज तर येनारच. पंखा हाय."

"अन् लिक्विडचा?"

किसनसिंगांनी दुसरं खोकं उघडलं. प्रोसेसरवर बसणारा गोल पंप, त्यातून निघणाऱ्या दोन काळ्या नळ्या आणि दोन पंख्यांचा चपटा रेडिएटर. सगळं बंद, आत पाणी कारखान्यातूनच भरलेलं. "दोन पंख्यांचा घे, तीनवाला तुझ्या कॅबिनेटात बसनार न्हाई. रेडिएटर वरच्या बाजूला लाव. पंपापेक्षा खाली लावला तर हवा पंपात अडकती अन् गुळगुळ वाजत राहते. अन् एक ध्यानात ठेव. खोली बेचाळीसवर असंल तर कोनताबी कूलर त्याच्या खाली आणनार न्हाई. जादू न्हाई ही."

"आवाज?"

"पंखे हळू ठेवले तर कान लावून बघावं लागंल. पर तुला आवाजाची एवढी काय तकलीफ? तू तर कानात गाने घालून बसतो."

"आबा असतात खोलीत. झोप होत न्हाई त्यांची."

"आबा म्हंजे गिरनीवाले?" किसनसिंग हसले. "सारी जिंदगी चक्कीत गेली, अन् त्यांना ह्या पंख्याची तकलीफ? विचारलं का त्यांना?"

प्रमोदही हसला. "त्यांना विचारलं तर ते म्हनतील, असू दे."

त्यानं लिक्विड कूलर घेतला.

घरी त्यानं तो दुपारभर बसून लावला. सपना डोकावून म्हणाली, "कॉम्प्युटरला कूलर? पानी कोन भरनार त्यात? आधीच एक भरून हात मोडून राहिले." खोलीतला लोखंडी कूलर दोन बादल्या पाणी पितो, ते रोज तिला आणावं लागतं.

"ह्याला भरावं लागत न्हाई."

"मग त्यालाच लाव घरातल्या कूलरला शिकवायला."

सटवाजी खाटेवर बसून होते. त्यांना इतकंच कळलं की मशीन खोललंय. प्रमोदनं ते सुरू केलं आणि पंख्यांचा वेग खाली आणला. तापमान सत्तरच्या वर जाईना. लोखंडी कूलरच्या खडखडीत मशीनचा आवाज पूर्ण विरून गेला. प्रमोद म्हणाला, "आबा, आता झोपा निवांत."

सटवाजी म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "दुरुस्त झालं का?"

"झालं की," प्रमोद म्हणाला आणि शूटिंगला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो मशीनला काम लावून बाहेर गेला. परत आला तर मशीन बंद आणि बटण पडलेलं. लाइट गेली असणार, असं त्याला वाटलं. सपना अंगणवाडीत होती, सांगायला कोणी नव्हतं. त्यानं काम पुन्हा लावलं. चार दिवसांनी तेच झालं. त्यानं लाइटवाल्यांना शिव्या दिल्या. सटवाजी ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, कारण लाइट गेली असं त्यांनाही वाटत होतं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा साखरा गावाहून गिऱ्हाईक संतराम आले होते. त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि मुलगी त्याच संध्याकाळी नवऱ्यासोबत पुण्याला निघणार होती. सासरच्यांना दाखवायला तिला व्हिडिओ सोबत हवा होता. "जय भीम" करून ते बसले, पाणी प्याले. फाइल तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं होती. प्रमोद म्हणाला, "चला, चहा घेऊन येऊ."

हॉटेलात टीव्ही चालू होता, फ्रिज चालू होता. ते परत आले तेव्हा पडदा काळा होता आणि बोर्डावरचं बटण खाली होतं. खाटेवर सटवाजी नुकतेच येऊन टेकले होते.

"आबा, बटन तुमी पाडलं?"

"व्हय. लाइट गेली ना."

"लाइट कुठं गेली? चालू होतं ते. सगळं काम गेलं."

"बंद होतं रे."

"चालू होतं म्हनतो ना."

संतराम मध्येच म्हणाले, "जाऊ द्या, म्हातारं माणूस. आमी गाडी थांबवून घेतो." पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि ते प्रमोदनं पाहिलं. गेले आठ दिवस तो कशामुळे मागे पडत होता हेही त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "आबा, ह्यापुढं कशालाच हात लावू नका. हात जोडतो तुमाला."

सटवाजी म्हणाले, "बरं."

मुलगी पुण्याला व्हिडिओ न घेताच गेली. प्रमोदनं दुसऱ्या दिवशी तो मोबाइलवर पाठवला. प्रकरण तिथं संपलं, असं त्याला वाटलं.

सटवाजींनी मुलाचं बोलणं शब्दशः घेतलं. जो माणूस हातांनीच बघतो, त्यानं हात आवरले. भिंत चाचपत दारापर्यंत जाणं बंद झालं. माठाकडे जाणं बंद झालं. सपना येईपर्यंत ते तहान धरून बसायचे. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. सपनानं एकदा विचारलं, "मामा, पानी का नाही घेतलं?" ते म्हणाले, "सांडंल."

काही दिवसांनी ते म्हणाले, "मला डोंगरकड्याला सोड."

प्रमोदनं कारण विचारलं. ते म्हणाले, "रविंद्रला चक्कीचं काही कळत न्हाई." ते खोटं होतं, रविंद्रची चक्की नीट चालली होती. प्रमोदला वाटलं, अजून राग आहे, जाईल. त्यानं त्यांना मोटारसायकलवर बसवून गावी सोडलं.

खरं कारण रविंद्रनं पंधरवड्यानंतर फोनवर सांगितलं. "दादा, तुझ्याकडं कामं न्हाईत का सध्या?"

"कामं? मला झोपायला वेळ न्हाई."

"मोठे आबा म्हनून राहिले, तुझं मशीन बंदच असतं. लग्नसराईत बंद. म्हनले, पोराचा धंदा बसला, त्यात माझं एक तोंड कशाला. त्या साखऱ्याच्या पाहुण्यासमोर तू चालू हाय म्हनला, ते त्यांना बराबर वाटलं. म्हनले, गिऱ्हाइकासमोर मी बी चक्की बंद हाय असं कधी म्हनलो न्हाई."

फोन चालूच ठेवून प्रमोद कॉम्प्युटरकडे गेला आणि कूलरचे दोन्ही पंखे, पंप, सगळं पूर्ण वेगावर नेलं. मशीन घरघरू लागलं. त्यानं रविंद्रला फोन आबांना द्यायला सांगितलं आणि मोबाइल कॅबिनेटला टेकवला.

"आबा, आलं का ऐकू?"

पलीकडून सटवाजी म्हणाले, "आलं. कामं आली का?"

"कामं होतीच, आबा. मी आवाज कमी केला होता. तुमाला झोप यावी म्हनून."

"झोप यायचीच की मला. चालू असलं की लागायची." मग म्हणाले, "बरं झालं. बंद न्हाई ना पडलं. ऊन उतरू दे, येतो."

ऊन उतरायच्या आधीच एके दुपारी जेवून ते गिरणीतल्या बाजेवर आडवे झाले. चक्की चालू होती. दळण संपवून रविंद्रनं खटका पाडला. आवाज थांबला की आबा नेहमी काहीतरी विचारायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, म्हणून तो जवळ गेला.

आबा गेल्यानंतरचा जलदान विधी झाल्यावर प्रमोद यूपीएसची बॅटरी आणायला नांदेडला गेला. किसनसिंगांनी चौकशी केली, बसायला लावलं, चहा मागवला. कूलरचं कसं काय, असंही विचारलं. प्रमोदनं सांगितलं की पंखे पूर्ण वेगावर ठेवलेत, पंपसुद्धा.

"सायलेंट म्हनून नेला तू, अन् फुल्लवर चालवून राहिला?" किसनसिंग म्हणाले. "पंप लवकर घासंल. टेंपरेचर वाढून राहिलं का?"

"न्हाई. साठच्या आत हाय."

"मग कमी कर की."

"चालू हाय ते कळलं पायजे."

"कोनाला?"

प्रमोदनं चहाचा कप खाली ठेवला आणि बॅटरी उचलून पिशवीत घातली.