पौडच्या कचेरीत बा ‘नको’ म्हणाला

कूळकायद्याची नोटीस आली तेव्हा मी बाविशीचा असेन. आम्ही पौडजवळच्या भरे गावचे. तीन भातखाचरं आजापासून आमच्या घरानं कसली, पण कागदावर नाव मालकाचं. मालक पुण्याला राहायचे, सुगीला यायचे, खंडाचं भात घेऊन जायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या लग्नात पहिला आहेर त्यांचाच होता. नव्या कायद्यानं ठरवलं होतं, की कसणाऱ्या कुळाची इच्छा असेल तर जमीन त्याची. किंमत सरकार लावील, ती हप्त्यानं फेडायची. इच्छा आहे की नाही, हे कुळाला कचेरीत बोलावून विचारायचं. त्यासाठीच ती नोटीस.

बा एकटाच पौडला गेला. दिवस मावळता परत आला, पाय धुतले आणि ओट्यावर बसला.

“काय इचारलं?” मी म्हटलं.

“जमीन घेतोस का म्हनला सायेब.”

“मंग?”

“नको म्हनलं.”

आई आत तांदूळ पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला.

“आरं, मालक शेजारी हुबे हुते,” बा म्हणाला. “त्यांच्या तोंडावर हो कसं म्हनायचं? म्हनलं, नको सायेब, ऱ्हाऊ द्या. वाटलं, परत इचारंल. त्यानं इचारलंच न्हाई. कागदावर आंगठा घेतला आन् फुडल्याचं नाव पुकारलं.”

बाहेरच्या माणसाला हे खुळेपण वाटेल. पण आमच्या मावळात कुणी काही देऊ केलं तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा समोरच्यानं हात धरला, शपथ घातली, की मग घ्यायचं. पहिल्या बोलीला हो म्हणणारा माणूस हावरट. माझा बा जन्मभर तसाच वागलेला. सरकार एकदाच विचारतं, आग्रह करत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नको म्हटलं म्हणजे खाचरं हातची गेली. माझं डोकं फिरलं. मी चौथी नापास, पण जीभ पहिल्यापासून तिखट. दुसऱ्या दिवशी पौड गाठलं आणि कारकुनाशी असा भांडलो, की शिपायानं दंडाला धरून मला पायऱ्यांखाली आणून सोडलं.

तिथं चिंचेखाली एक म्हातारे अर्ज लिहीत बसायचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“झालं का भांडून?”

“न्हाई झालं.”

“मंग अजून भांड. कागद काय वरडून फाटत न्हाई, बाबा. कागदाला कागदच लागतो. बस हितं.”

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं, की या निकालावर वर प्रांताकडं अपील करता येतं, पण त्याला मुदत असते आणि ती कालपासूनच पळायला लागली. “माज्यानं हे लिवनं व्हनार न्हाई,” ते म्हणाले. “पुण्यात एक वकील हायेत. शनवारी गरिबाचं ऐकत्यात, फी घेत न्हाईत. त्यांच्याकडं जा.” एका चिठोऱ्यावर त्यांनी पेठ, गल्ली, जिना सगळं लिहून दिलं. “बाई हायेत,” शेवटी म्हणाले.

“बाई? वकील?”

“का रं? आईच्या हाताखालीच वाढलास न्हवं? का तितंबी तुला गप करायला शिपाई लागत हुता?”

शनिवारी मी तो जिना चढलो. वर बाकावर माणसं दाटीनं बसलेली. सासरनं हाकललेली एक पोर लेकरू घेऊन बसली होती, घरमालकानं सामान रस्त्यावर टाकलेला एक गिरणी-कामगार होता. बाई एकेकाचं ऐकत होत्या. काम स्वतःच्या हातचं नसलं तर कुणाकडं, कुठल्या वारी, कुठले कागद घेऊन जायचं ते लिहून चिठ्ठी देत होत्या. तिथनं रिकाम्या हातानं उतरणारा माणूस मला दिसला नाही. आणि भिंतींवर जमिनीपासून आढ्यापर्यंत पुस्तकं. इतकी पुस्तकं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. मी टोपी काढून हातात घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

माझी पाळी आल्यावर मी बाची सगळी हकिगत सांगितली आणि लगेच म्हटलं, “फी सांगा. फुकट नको.”

बाई म्हणाल्या, “तुमच्या घरात सगळेच आधी नको म्हणतात वाटतं.” बाक हसला. मीही हसलो, पण कान तापले.

मग त्यांनी विचारलं, “वडिलांना त्यांचा जबाब वाचून दाखवला होता का? नको म्हटलं तर काय होईल, हे समजावलं होतं?”

“न्हाई.”

त्यांनी एक मराठी पुस्तक काढलं आणि बोट ठेवलं. कुळाला नीट समजावून सांगायचं, त्याचा जबाब त्याला वाचून दाखवायचा, असं तिथं असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, मला दाखवा. अक्षर अक्षर लावत मी ती ओळ वाचली. बराच वेळ लागला, बाई थांबल्या. दूर कुठंतरी बसून कायदा लिहिणारी माणसं. बाची त्यांना ओळख ना पाळख. तरी असा कुणीतरी माणूस कचेरीत उभा राहील आणि गोंधळेल, हे त्यांनी आधीच ओळखून लिहून ठेवलं होतं. देवळातही मी कधी इतका गप्प उभा राहिलो नाही.

अपील मुदतीत गेलं. प्रांतानं पौडचा निकाल रद्द केला आणि कुळाला पुन्हा विचारा म्हणून कागद खाली धाडला. बाई म्हणाल्या, “माझं काम झालं. ‘हो’ मात्र वडिलांनाच म्हणावं लागेल. ते मला त्यांच्या वतीनं म्हणता येत नाही.”

घरी मी बाच्या मागं लागलो.

“म्हन, जमीन पायजे.”

“आरं, मालक असत्याल.”

“असू दे.”

“तूच म्हन की.”

“माजं चालत न्हाई तितं.”

आठ दिवस हेच. एकदा बांधावरनं जाताना ऐकलं, बा औताच्या बैलांना सांगत होता, “पायजे, पायजे.” बैल काही बोलत नव्हते, म्हणून बाला जमत होतं.

पौडला या खेपेला साहेब नवा होता. मालक भिंतीशी उभे होते. बा आधी त्यांच्याकडं गेला, वाकून पाया पडला, मग येऊन साहेबासमोर उभा राहिला. साहेबानं सगळं सावकाश समजावलं आणि विचारलं, जमीन घ्यायची आहे का.

बा जमिनीकडं बघत राहिला. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता, मी दात आवळले.

“पायजे, सायेब,” बा म्हणाला. “आता परत इचारू नका. मला दुसऱ्यांदा म्हनता येनार न्हाई.”

साहेबानं ते लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. खुर्चीतला माणूस माझ्या अडाणी बापाचा शब्द वाचत होता, आणि सगळी कचेरी ऐकत होती. “बरोबर आहे का?” साहेबानं विचारलं. बानं मान हलवली आणि अंगठा पुढं केला.

मालक बाहेर पडले. ते फाटकापार होईपर्यंत बा हात जोडून उभा होता.