मामांची निबंधस्पर्धा

माझ्या आईचे मामा आयुष्यात एकाही स्पर्धेत हरले नाहीत. याचं कारण असं की स्पर्धेत ते स्वतः कधी उतरत नसत, दुसऱ्याला उतरवत. शेजारच्या वकिलांना त्यांनी भोपळ्यांच्या प्रदर्शनात उतरवलं, माझ्या वडिलांना बुद्धिबळात, आणि तिरुवैयारुच्या एका भिडस्त भागवतांना, ते नको नको म्हणत असताना, गायनात. ही मंडळी हरून आली की मामा आमच्या ओट्यावर बसून, कुठला नियम पाळला असता तर जिंकला असता, हे त्यांना शांतपणे समजावून सांगत.

नियम हा मामांचा प्राण होता. आगगाडीच्या तिकिटामागचा मजकूर, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सारं त्यांना पाठ. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं त्यांनी कागदांच्या नकला केल्या. आमच्या तंजावरचं मराठी राज्य खालसा होऊन तीन पिढ्या उलटल्या होत्या, पण ही बातमी मामांनी पुरती मान्य केलेली नव्हती. त्यामुळे इंग्रजांची नोकरी ते तात्पुरती समजून करत, आणि तशीच करता करता पेन्शनीत निघाले. आपली मराठी हीच अस्सल, पणजोबांनी आणली तशी झाकून ठेवलेली, आणि पुण्याकडची मात्र उघड्यावर राहून विटलेली, असा त्यांचा दावा होता. "माझ्या बोलण्यात एक तमिळ शब्द दाखव," असं म्हणत ते पानावर बसत आणि त्याच श्वासात अप्पळम आणि मोर मागत.

"मामा, पापड आणि ताक हवं का?" आई विचारी.

"तेच की गे मागितलं."

पण एका लग्नात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी मामांचं बोलणं ऐकून, "वा, मराठी छान शिकलात हो तुम्ही," असं कौतुक केलं होतं. त्यानंतर मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तमिळमध्येसुद्धा नाही.

मी तेव्हा मिशनच्या मुलींच्या हायस्कुलात शेवटच्या वर्गात होते. शाळेत सगळं इंग्रजी. देवनागरी मला मामांनी पोथीवरून शिकवली होती, त्यामुळे माझी धोब्याची यादीदेखील स्तोत्रासारखी दिसे. पुण्याच्या एका मासिकात हायस्कुलातल्या मुलामुलींसाठी निबंधस्पर्धा जाहीर झाली, विषय 'माझे गाव'. ते पान मी कापून भूमितीच्या पुस्तकात ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही. मी कोणाची कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाने एकदा माझं लिहिलेलं वाचावं, एवढंच मनात होतं. चौथ्या दिवशी ते पान मामांना सापडलं.

"काय गे, हे काय?"

"काही नाही, मामा."

"काही नाही, तर भूमितीत कशाला लपलंय?"

माझ्याकडून ते पान वाचून घेतलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "जिंकायचं सोड. पुण्याने वाचायचं, आणि वाचून म्हणायचं, ही मराठी. तेवढं पुरे."

त्या दिवसापासून निबंध माझा राहिला नाही. स्पर्धेच्या नियमांत म्हटलं होतं की नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहावं, निबंधावर लिहिणाऱ्याची ओळख पटेल असं काहीही असू नये. मामांची दृष्टी अधू झाली होती, म्हणून मी मोठ्याने वाचे आणि ते हात वर करून थांबवत. आमच्या रस्त्याचं नाव गेलं, कारण त्यावरून पत्ता लागेल. शाळा गेली. मोठ्या देवळातला नंदी गेला, कारण एवढा मोठा नंदी दुसरीकडे कुठे आहे? तंजावर तर पहिल्याच ओळीत गेलं होतं. शेवटी एक नदी, काही कालवे आणि पुष्कळ भात एवढंच शिल्लक राहिलं.

"मामा, हे आता कुठलंही गाव झालं."

"निःपक्षपाती झालं," मामा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मामा, लिहिणार ती की तुम्ही?"

"लिहिणार तीच. मी नुसतं खोडतोय."

शेवटची प्रत करताना एका ठिकाणी 'नदी'च्या जागी मी हळूच 'कावेरी' लिहिलं. आयुष्यातली माझी ही पहिली बंडखोरी.

टपालात टाकायच्या दिवशी मामांनी स्नान केलं, कागद देवापुढे ठेवले, आणि प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीचं बोट लावलं. शुभकामाचा कागद, मग ती लग्नपत्रिका असो की मुलाचा अर्ज, आमच्याकडे हळदीवाचून उंबरा ओलांडत नाही. नियमांचे एवढे जाणकार मामा, पण त्यांना ती खूण वाटली नाही. मी शेजारीच उभी होते, मलाही वाटली नाही. आमच्या डोळ्यांना तो कोराच कोपरा दिसत होता.

दीड महिना मामा रोज ओट्यावर पोस्टमनची वाट पाहत बसले. मग जाड पाकीट आलं. जाड म्हणजे निबंध परत. मला वाटलं, माझी कावेरी पकडली गेली. आतल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: कागदांच्या कोपऱ्यांवर रंगाच्या खुणा आढळल्यामुळे, नियमास अनुसरून, निबंध परीक्षकांपुढे ठेवता आला नाही. म्हणजे तो कोणी वाचलाच नव्हता. कावेरीही कोणाला सापडली नव्हती.

"वाच की गे," मामा म्हणाले.

"बक्षीस नाही, मामा."

"ते असू दे. भाषेत काय काय चुका काढल्यात?"

मी चिठ्ठीकडे पाहिलं. ते कान माझ्याकडे करून बसले होते.

"एकही नाही काढली."

"नीट बघ."

"बघितलं, मामा. एकही नाही."

यात खोटं काही नव्हतं. मामा उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि वकिलांच्या घराकडे चालू लागले. त्या आठवड्यात देवळात, वाचनालयात आणि भाजीवालीपाशी त्यांनी तेच सांगितलं: आमच्या पोरीच्या मराठीत पुण्याला एक चूक काढता आली नाही. भाजीवालीला तमिळमध्ये सांगितलं.

दोन वर्षांनी मामा गेले. निबंध माझ्या पेटीत आहे. माझी मराठी आता थोडी सुधारली आहे, आणि कधी वाटतं, कुठल्यातरी मासिकाकडे तो पुन्हा पाठवावा. पाकिटावर पत्ताही लिहून होतो. मग मनात येतं, वाचून कोणी एखादी चूक काढली तर? आणि मी पेटीचं झाकण लावून टाकते.